टर्बाइन हॉलमधल्या बिया यंत्रावर झाल्या नव्हत्या

लंडनच्या टेट मॉडर्न या समकालीन कलेच्या संग्रहालयात, तिथल्या टर्बाइन हॉल या भव्य दालनात, २००० सालापासून जी प्रदर्शनं झाली त्यांच्याबद्दल एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: चिनी कलावंत आय वेवेच्या, जमिनीवर पसरलेल्या सूर्यफुलाच्या बिया यंत्रावर काढल्या होत्या, आणि लोक खिशात घालू लागले म्हणून त्यांवर चालणं बंद केलं. दुसऱ्या एका प्रदर्शनातली हॉलच्या जमिनीतली भेग नुसती रंगवलेली होती. आणखी एकातला ‘सूर्य’ म्हणजे एक मोठा दिवा. प्रदर्शन संपलं की सगळं कचऱ्यात. आणि या कशाचाच आपल्याशी संबंध नाही.

बियांपासून सुरुवात करू, कारण खोटं तिथे सगळ्यात जास्त आहे आणि त्यात राबणाऱ्या माणसांचे हातच पुसले जातात.

२०१० च्या ऑक्टोबरात मांडलेल्या या दहा कोटी बिया चिनी मातीच्या होत्या आणि चीनमधल्या जिंगदेजन या भांड्यांच्या जुन्या गावात तयार झाल्या. दगड कुटून माती, मातीचं साच्यातून बी, सुमारे १३०० अंशांना पहिली भाजणी, मग दोन्ही अंगांना कुंचल्याचे तीन-चार फटकारे, सुमारे ८०० अंशांना दुसरी भाजणी, शेवटी धुणं आणि वाळवणं. साचा होता हे खरं, पण त्या काळ्या रेघा साच्यातून येत नाहीत. ‘दहा कोटी हाताने कसं शक्य आहे?’ असं विचारणाऱ्यांनी भागाकार करावा. कारागीर होते सुमारे १६००, म्हणजे माणशी ६२,५०० बिया. काम दोन वर्षांहून जास्त चाललं. वर्षाचे ३०० दिवस धरले तर दिवसाला माणशी शंभरेक बिया होतात. निम्मेच लोक रंगवायला होते असं मानलं तरी दोनशेच्या आसपास. पणत्या रंगवणाऱ्या कुणालाही हा आकडा अचाट वाटणार नाही.

वजनाचा हिशेबही जुळतो. १००० चौरस मीटरवर १० सेंटिमीटरचा थर म्हणजे १०० घनमीटर, आणि एकूण वजन सांगितलं जातं सुमारे १५० टन. म्हणजे घनमीटरला दीड टन. भाजलेली चिनी माती घनमीटरला साधारण २.४ टन भरते. बियांमधल्या फटी ३५ ते ४० टक्के धरल्या की उत्तर दीड टनाजवळच येतं.

चालणं मात्र चोरीमुळे बंद झालं नाही. हजारो पावलांखाली बिया एकमेकींवर घासल्या आणि बारीक धूळ उडू लागली. ही धूळ दीर्घकाळ वारंवार श्वासातून गेली तर अपाय होऊ शकतो, असं संग्रहालयाने तेव्हाच जाहीर केलं आणि सुरुवातीच्या काही दिवसांतच लोकांना कडेला थांबवलं. तासाभरासाठी आलेल्या पाहुण्यापेक्षा तिथे महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या कर्मचाऱ्याला धोका जास्त. दगडखाणीतल्या कामगारांच्या फुप्फुसांचं काय होतं हे ज्यांनी पाहिलंय, ते या निर्णयाला भित्रेपणा म्हणणार नाहीत.

भेग कोलंबियाच्या शिल्पकार डोरिस साल्सेदो यांची, २००७-०८ मधली ‘शिबोलेथ’. हॉल १५५ मीटर लांब आणि भेग १६७ मीटर. ती वेडीवाकडी गेली म्हणून हॉलपेक्षा लांब भरली. रंगवलेल्या रेघेत पाय अडकत नाही, इथे तर अडखळून लोकांना इजा झाल्या. जमीन खरोखर उघडली होती. आतल्या कडा ओतीव काँक्रीटच्या होत्या आणि त्यात तारेची जाळी बसवलेली होती, कुंपणाला असते तशी. नाव बायबलमधल्या कथेतलं आहे: एका शब्दाच्या उच्चारावरून परका ओळखायचा आणि मारायचा. स्थलांतरितांना रोखणाऱ्या सीमेबद्दलचं हे काम आहे. ते कळल्यावर ती जाळी शोभेची वाटत नाही.

सूर्याबद्दल थोडक्यात. कलावंत ओलाफुर एलियासन यांच्या २००३ च्या ‘द वेदर प्रोजेक्ट’मध्ये अर्धवर्तुळाकार पडद्यामागे सुमारे २०० दिवे होते. उरलेलं अर्धं वर्तुळ छतावरच्या आरशाने पुरं केलं आणि हवेत कृत्रिम धुकं सोडलं. दिवे एकाच तरंगलांबीच्या आसपासचा पिवळा प्रकाश देणारे होते, म्हणून माणसांचे कपडे, चेहरे सगळं पिवळं आणि काळंच दिसे.  पडद्यामागे जाऊन दिवे बघता येत होते. लपवाछपवी नव्हतीच.

‘आपला संबंध नाही’ हे तर सरळ चूक. २००२ मध्ये याच हॉलमध्ये तीन पोलादी कड्यांवर ताणलेलं पीव्हीसीचं लाल शिल्प ‘मार्सियस’ उभारणारे अनिश कपूर मुंबईत जन्मले. त्याआधी २००१ मध्ये टेट मॉडर्नच्याच ‘सेंच्युरी सिटी’ प्रदर्शनात जगातल्या निवडक शहरांमध्ये मुंबईचा स्वतंत्र विभाग होता. कलासमीक्षक गीता कपूर आणि चित्रपट-अभ्यासक आशिष राजाध्यक्ष यांनी रचलेला, १९९२ ते २००१ या दशकावरचा. दंगलींनंतरची मुंबई तिथे चित्रांतून आणि सिनेमातून मांडली गेली. २०१६ मध्ये चित्रकार भूपेन खखर यांचं मोठं प्रदर्शनही तिथेच झालं.

राहिलं ‘सगळं कचऱ्यात’. काही कामं खरंच मोडली जातात. एलियासनचा सूर्य उतरवला गेला. पण याच हॉलमध्ये मांडलेलं लुईझ बुर्जुआचं कोळिणीचं शिल्प ‘मामान’ पुढे टेटच्या संग्रहात आलं. दहा कोटींपैकी सुमारे ८० लाख बिया, म्हणजे अंदाजे १० टन, टेटने २०१२ मध्ये विकत घेतल्या. त्या आता शंकूच्या आकाराच्या ढिगात मांडता येतात. आणि साल्सेदोंची भेग बुजवली तरी तिचा वण टर्बाइन हॉलच्या जमिनीवर राहिला. हॉलमध्ये प्रवेशाला तिकीट नाही, तो वण कुणालाही चालत चालत पाहता येतो.