चातुर्मासातलं बदक

मामा-मामींची सिंगापूरची तिकिटं काढून झाल्यावर बायकोने विचारलं, "तारखा पंचांगात बघितल्या होत्यास का?" मी त्या विमान कंपनीच्या साइटवर बघितल्या होत्या. आषाढात तिकीट स्वस्त मिळालं म्हणून मी खूश होतो. ते स्वस्त असण्यामागे देवशयनी एकादशीचा हात असेल, हे मला कुठून सुचणार?

तर मामी विमानातून उतरल्या त्या चातुर्मास घेऊनच. कांदा नाही, लसूण नाही, वांगं नाही, मुळा नाही. मांस-मच्छीचा तर प्रश्न बारा महिने नाही. मामा पट्टीचे मासे खाणारे, पण मामींच्या चातुर्मासात चोरून खाणारे. नगरपालिकेच्या अतिक्रमण विभागातून निवृत्त झाल्यामुळे, चोरून चाललेलं कसं चालतं याचा त्यांना दांडगा अनुभव.

आणि मी? आठ वर्षं इथे राहून मी गावाकडे अशी हवा करून ठेवली होती, की सिंगापुरातलं चिनी, मलय, तमिळ, पेरानाकान (म्हणजे चिनी-मलय मिश्र) सगळं खाणं मला तोंडपाठ आहे. वस्तुस्थिती अशी, की मी तीन गाळ्यांवर जेवतो आणि तिन्हीकडे बोट दाखवून जेवतो.

बायकोने शहाण्यासारखी लिटिल इंडियातल्या शाकाहारी हॉटेलांची यादी पाठवली होती. मामांनी ती वाचली आणि म्हणाले, "डोली, इडली, डोसा. डोंबिवलीत उडप्याकडे हेच खातो की रे. त्यासाठी पासपोर्ट कशाला काढला?" त्यातली 'डोली' काय, हे मी विचारलं नाही. मामांचा चष्मा घरी राहिला होता.

पहिली परीक्षा सकाळीच झाली. आमच्या इमारतीखाली कोपितिआम आहे. 'कोपी' म्हणजे मलयमधली कॉफी आणि 'तिआम' म्हणजे होक्किएन या चिनी बोलीतलं दुकान, म्हणजे पाटीवरच दोन भाषांचा संसार. आत गेलात की संसार वाढतो. नुसतं 'कोपी' म्हटलं तर कंडेन्स्ड मिल्क घालून गोडमिट्ट कॉफी येते. 'कोपी-ओ' म्हणजे बिनदुधाची, पण साखरेची. 'कोपी-सी' म्हणजे आटवलेलं बिनसाखरेचं दूध आणि वर वेगळी साखर. साखर कमी हवी तर 'सिऊ दाई', ही आणखी एक चिनी बोली. अजिबात नको तर 'कोसोंग', हे मलय, शब्दशः 'रिकामं'. बर्फ हवा तर 'पेंग', पुन्हा होक्किएन. एवढं सगळं एका दमात, मागे रांग उभी असताना, बनियनवरच्या काकांना ओरडून सांगायचं.

आठ वर्षांत मी पहिल्या शब्दापुढे गेलेलो नाही. मी 'कोपी' म्हणतो, मिळते ती पितो, आणि दर वर्षी पँट एक इंचाने वाढवून घेतो.

मामांना मधुमेह. मी म्हटलं, "मामा, मी सांगतो त्यांना." मी सांगायला गेलो आणि काकांनी मला न विचारता नेहमीची ग्लासभर गोड कोपी पुढे ठेवली. मामा काही बोलले नाहीत. हात मागे बांधून ते काउंटरच्या कडेला दहा मिनिटं उभे राहिले. नोटीस न देता पाहणीला आलेला अधिकारी उभा राहतो तसे. कोण काय म्हणतं आणि कुणाच्या कपात काय पडतं, एवढंच बघत होते. मग पुढे झाले आणि म्हणाले, "कोपी-सी कोसोंग." काकांनी मान वर करून बघितलं सुद्धा नाही. दुधाची, बिनसाखरेची कॉफी आली. मामींसाठी 'तेह हालिया', म्हणजे आल्याचा चहा, तोही त्यांनीच मागवला. मामींनी घोट घेऊन निकाल दिला, "आलं चांगलंय. उकळायला मात्र आळस केलाय."

दुपारी त्यांना टांजोंग पगारला नेलं. नाव ऐकून मामा म्हणाले, "पगार म्हणजे आपला पगार?" मलयमध्ये पगार म्हणजे कुंपण. पण पुष्कळ मोठी ऑफिसं त्याच भागात असल्यामुळे मामांचा अर्थ जास्त बरोबर आहे. बायकोचं ऑफिसही तिथेच, आणि ती नेमकी त्या दिवशी मीटिंगमध्ये होती.

आम्ही हॉकर सेंटरमध्ये शिरलो ते सव्वाबाराला. मोठं छप्पर, खाली शेकडो टेबलं, कडेने ओळीत गाळे. मामींना म्हटलं, तुम्ही जागा धरा, मी बघून येतो काय काय आहे. जागा कशी धरतात हे सांगायचं राहिलं.

मी परत आलो तेव्हा मामी एका टेबलाशी उभ्या होत्या आणि त्यांच्या ओढणीच्या ओच्यात टिश्यूची सात-आठ छोटी पाकिटं, एक घडीची छत्री आणि कुणाचं तरी ऑफिसचं ओळखपत्र होतं.

"अरे, काय विसरभोळी माणसं!" मामी म्हणाल्या. "एकेका टेबलावर काही ना काही विसरून गेलीयत. म्हटलं, गोळा करून काउंटरला देऊ."

मला घाम फुटला. इथे याला 'चोप' म्हणतात. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की टेबल तुमचं. कायद्यात कुठेही नाही, पण कायद्याहून कडक. ज्या देशात कोट्यवधींचे सौदे होतात, त्या देशातला सौद्यावाला अर्ध्या डॉलरच्या टिश्यूवर टेबल सोडून वीस मिनिटं रांगेत उभा राहतो, आणि ते पाकीट कुणी हलवत नाही. अगदी कुणीच. डोंबिवलीहून चांगुलपणा घेऊन आलेली एक बाई सोडली तर.

तेवढ्यात माणसं परतू लागली. हातात ट्रे, ट्रेमध्ये वाफाळणारं सूप, आणि समोर मोकळी, बेवारस टेबलं. ओरडलं कुणीच नाही, हे फार वाईट. ते टेबलाकडे बघत, मामींकडे बघत, मग मामींच्या ओढणीकडे बघत. शेवटी टाय लावलेला एक मुलगा अगदी हळू आवाजात म्हणाला, "आंटी... चोप."

मामांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "अगं, रुमाल टाकलाय त्यांनी!"

"म्हणजे?"

"एस.टी. च्या खिडकीतून आपण टाकतो तो! तू पंचवीस माणसांचे रुमाल उचललेस!"

मामींना सगळं कळलं. त्या रत्नागिरीच्या, गणपतीच्या गर्दीत खिडकीतून रुमालच काय, धाकटा भाऊ सुद्धा आत टाकलेला. त्यांनी लगेच चूक दुरुस्त करायला घेतली. पण कुठलं पाकीट कुठल्या टेबलाचं? सगळी सारखीच. मग त्यांनी संक्रांतीचं वाण द्यावं तशी ती वाटली. प्रत्येकाला एकेक, हसून, मान लववून. टायवाल्या मुलाला छत्री मिळाली. त्याने 'थँक यू' म्हणून ती घेतली. ती त्याची नसावी, असा मला अजूनही संशय आहे.

एवढं होऊन जेवण बाकीच होतं. एका गाळ्यावर 'कॅरट केक' वाचून मामींना गाजराची वडी आठवली. त्यात गाजर नसतं आणि तो केकही नसतो. तो असतो तांदळाच्या पिठात वाफवलेला मुळा, तुकडे करून अंड्यात परतलेला. होक्किएन-तिओचू बोलीत मुळा आणि गाजर भाऊ-भाऊ आहेत. गाजर म्हणजे लाल मुळा. भाषांतरात कुणीतरी रंग विसरलं. मामींच्या यादीतला मुळा, वर अंडं. मी त्यांना दंडाला धरून पुढे नेलं. हा एक प्रसंग मी वाचवला, त्याची नोंद व्हावी.

पुढे एका गाळ्यासमोर लांबच लांब रांग. पाटीवर चिनी अक्षरं आणि खाली 'व्हेजिटेरियन'. मामी आनंदाने पुढे झाल्या आणि थबकल्या. काचेमागे परातीत बदक होतं. तपकिरी, तेलकट, कातडीवर पिसं उपटल्यासारखे बारीक खड्डे. शेजारी लाल कडांचे डुकराच्या मांसाचे काप.

"शाकाहारी लिहिलंय आणि बदक विकतायत," मामी मला म्हणाल्या. "आपल्याकडे निदान बोर्ड तरी खरा असतो."

गाळ्यामागे एक चिनी आजी. सत्तरीच्या तरी असतील. त्यांनी झारा उगारून मामींना विचारलं, "आंटी, व्हॉट यू वाँट?" आपल्याहून दहा वर्षांनी मोठ्या बाईने आंटी म्हटल्याचा घाव मामींनी निमूट सोसला आणि थेट मुद्द्याला हात घातला.

"नो अनियन?"

"नो अनियन."

"नो गार्लिक?"

"नो गार्लिक. ऑल नो."

मामींनी बदकाकडे बोट केलं. "डक?"

आजींनी झाऱ्याने परातीवर टकटक केलं. "धिस डक, नो डक."

हे वाक्य शंकराचार्यांच्या भाष्यात शोभलं असतं. मी मध्ये पडून सांगितलं, की ते गव्हातल्या चिकट सत्त्वाचं आणि सोयाबीनचं असतं. चिनी बौद्ध शाकाहारात मांस तर नसतंच, पण कांदा, लसूण आणि पातही वर्ज्य. मामी माझ्याकडे बघत राहिल्या. मग आजींकडे. मग रांगेकडे.

"आणि आज एवढी गर्दी का?"

हे मलाही ठाऊक नव्हतं. आजींनी बोटांनी पंधरा दाखवले आणि झारा आकाशाकडे करून गोल फिरवला. चिनी पंचांगातली पहिली आणि पंधरावी तिथी. त्या दिवशी एरवी सगळं खाणारेही अनेक जण शाकाहार पाळतात.

"पौर्णिमा!" मामी ओरडल्या. "आज गुरुपौर्णिमा!"

अख्ख्या सिंगापुरात मामींचा चातुर्मास फुकट सांभाळणारं एकच दुकान, आणि तिथे बदक. मामींनी तांदळाच्या शेवया घेतल्या ("शिरवाळ्याच की या, नारळाचा रस तेवढा विसरल्या"), कोबी घेतला, वांग्याच्या परातीवरून हात फिरवून 'नो' म्हटलं आणि शेवटी बदकाचा एक तुकडा मागितला. टेबलाशी बसून तो आधी हुंगला. मग बोटांनी फाडला. हाड आहे का, दोनदा चाचपलं. मग डोळे मिटून खाल्ला.

"सोयाबीनच्या वड्यांची भाजी," त्या म्हणाल्या. "पण मेहनतीची." आणि आणखी चार तुकडे आणायला स्वतः रांगेत उभ्या राहिल्या.

मामा मात्र जेवता जेवता गप्प होते. गाळे मोजत होते. पाणी कुठून येतं, खरकटं कुठे जातं. त्यांनी विचारलं म्हणून मी सांगितलं, की हे सगळे पूर्वी रस्त्यावरचे फेरीवाले. साठच्या दशकाच्या शेवटी सरकारने त्यांची नोंदणी केली, मग नळ, वीज, गटार असलेली सेंटरं बांधून १९८६ पर्यंत सगळ्यांना छपराखाली आणलं. आज अशी एकशे दहाच्या वर सेंटरं आहेत, आणि २०२० साली युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला वारसा यादीत घेतलं.

"आम्ही सकाळी गाड्या उचलायचो," मामा म्हणाले. "संध्याकाळी त्याच जागी त्याच गाड्या. एक भजीवाला तर मला हात करायचा." आणि त्यांनी ट्रे उचलला.

ट्रे आपला आपण परत ठेवायचा. २०२१ पासून सक्ती आहे. पहिल्यांदा लेखी ताकीद, दुसऱ्यांदा तीनशे डॉलर दंड. मामांनी दंडाची रक्कम ऐकून आसपासचे दोन परके ट्रे पण उचलले. पण रॅकवर दोन कप्पे. एकावर 'हलाल', दुसऱ्यावर 'नॉन-हलाल'.

"आपला कुठला?" मामींनी विचारलं.

मी विचार करू लागलो. आठ वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता, मी मोकळा दिसेल तिथे ठेवून पळतो. मामी दोन्ही कप्प्यांसमोर बदकाचा ट्रे घेऊन ताटकळत उभ्या होत्या आणि मागे सात माणसं. शेवटी सफाईच्या मावशींनी ट्रे त्यांच्या हातातून काढून घेतला आणि योग्य तिथे ठेवला. कुठे ठेवला ते मी पाहायचं विसरलो.

संध्याकाळी मामी पाय दुखतात म्हणून घरी थांबल्या आणि मामांना एकाएकी देवदर्शनाची ओढ लागली. आम्ही सेरंगून रोडवरच्या श्री वीरमाकालीअम्मन मंदिरात गेलो, बाहेरून नमस्कार केला आणि मागच्या रेसकोर्स रोडवर पोचलो.

तिथे फिश हेड करी मिळते. माशाचं अख्खं डोकं, चिंचेच्या आंबट रश्श्यात भेंडी-वांग्याबरोबर, केळीच्या पानावर भात वाढून. हा पदार्थ भारतीय म्हणून विकला जातो आणि भारताने तो पाठवलेलाच नाही. केरळहून आलेल्या एम. जे. गोमेझ नावाच्या गृहस्थांनी १९४९च्या सुमारास इथेच तो सुरू केला, असं सांगतात. माशाचं डोकं चवीने खाणाऱ्या चिनी गिऱ्हाइकासाठी दाक्षिणात्य रस्सा.

भांडं आलं. मामांनी डोक्याकडे बघितलं, डोक्याने मामांकडे.

"तांबोशी," मामा म्हणाले. ओळख पटली.

मी चमच्याने कडेकडेने रस्सा घेत होतो. मामांनी बाह्या सरसावल्या. गालाचं मांस, डोळ्यामागची गादी, कल्ल्याजवळचा लुसलुशीत भाग. एकेक जागा ते अशी मोकळी करत गेले, की शेजारच्या टेबलावरच्या चिनी आजोबांनी खाणं थांबवून मान डोलावली. वीस मिनिटांनी भांड्यात राहिला तो विज्ञानाच्या तासाचा सांगाडा. नोकरीत त्यांनी एवढं स्वच्छ अतिक्रमण कधी हटवलं नसेल.

घरी जाताना मामांनी खिशातली बडीशेप खाल्ली, वेलची खाल्ली, माझ्याकडून च्युइंगम मागितला. इथे च्युइंगमची विक्री बंद आहे हे कळल्यावर त्यांचा या देशावरचा विश्वास पहिल्यांदा डळमळला.

दार मामींनी उघडलं. त्यांच्या कानाला फोन होता, पलीकडे डोंबिवलीच्या जाऊबाई. मामींनी आम्हाला आत घेतलं, मामांजवळून जाताना क्षणभर थांबल्या, श्वास घेतला आणि बोलणं चालू ठेवलं.

"हो गं, बदक. चांगलं पाच तुकडे. नाही, चातुर्मास कुठे मोडला? कांदा-लसूण काही नव्हतं. ... हे ना? हे आत्ता देवळातून मासा खाऊन आले."