‘पॉइंट टू-टू कुठलीही घ्या, गोळ्या सगळ्या सारख्याच’ : या सल्ल्यातलं काय काय चुकतं

नेमबाजी नव्यानं सुरू करणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरतोय. माझ्याकडे तो चार जणांनी पाठवला आणि चौघांनीही एकच विचारलं, हे खरं का? मजकूर थोडक्यात असा: पॉइंट टू-टू रिमफायर (0.22 इंची छोट्या गोळीची रायफल) म्हणजे खेळणं, त्यावरचा सराव मोठ्या रायफलीला उपयोगी पडत नाही. तरी स्वस्तात सराव करायचाच असेल तर सेमी-ऑटोमॅटिक (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) घ्या, तासाभरात जास्त गोळ्या मारून होतात. गोळ्या सगळ्या सारख्याच, तेव्हा सगळ्यात स्वस्त मोठा डबा उचला, त्यातही जास्त वेगाच्या बघा, वेगवान गोळी सरळ जाते. नळी जितकी लांब तितकी रायफल अचूक. आणि उरलेले पैसे रायफलीवरच्या मोठ्या दुर्बिणीत घाला.

मी रेंजवर नवीन मुलामुलींना शिकवतो. या सल्ल्यानं घेतलेल्या रायफली महिन्या-दोन महिन्यांत कपाटात जाऊन पडलेल्या पाहिल्या आहेत. रायफल बिघडलेली नसते. मनासारखा ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पुंजका) पडत नाही, का पडत नाही तेही कळत नाही, आणि माणूस कंटाळतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर लिहितोय.

आधी ‘खेळणं’. पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस 1887 सालचं, अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीनं आणलेलं. ऑलिंपिकमधली 50 मीटर थ्री पोझिशन स्पर्धा आजही त्याच्यावरच होते. 2024 ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेनं कांस्यपदक घेतलं ते याच काडतुसानं. त्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ 10.4 मिमीचं असतं. 50 मीटरवरून ते डोळ्याला दिसतही नाही, दिसतो तो फक्त 112.4 मिमीचा काळा गोल. न दिसणाऱ्या वर्तुळात साठ-साठ वेळा गोळी घालायची, आडवं पडून, गुडघ्यावर आणि उभं राहून. याला खेळणं म्हणणाऱ्यानं एकदा उभं राहून दहा गोळ्या मारून पाहाव्यात.

मला या शब्दाची खरी धास्ती वाटते ती वेगळ्या कारणानं. काडतुसांच्या डब्यावर बारीक अक्षरात इशारा असतो की ही गोळी दीड मैलापर्यंत, म्हणजे सुमारे 2.4 किलोमीटरपर्यंत धोकादायक आहे. ती मऊ शिशाची असते, वेग कमी असतो, त्यामुळे दगडावरून, कडक जमिनीवरून, अगदी पाण्यावरूनही ती उसळून भलतीकडे जाते. मागे मातीचा भक्कम बांध नसेल तर पॉइंट टू-टूसुद्धा झाडायची नाही. रायफलीला खेळणं म्हटलं की ती हाताळणाराही तशीच हाताळतो, आणि अपघात तिथूनच सुरू होतात.

‘मोठ्या रायफलीला उपयोग नाही’ यात थोडं खरं आहे. खांद्याला बसणारा धक्का आणि तो दणदणीत आवाज सोसायची सवय रिमफायरवर होत नाही, ती त्या रायफलीवरच करावी लागते. बाकी सगळं इथंच शिकून होतं. मोठ्या रायफलीवर सुरुवात केलेला एक मुलगा माझ्याकडे आला होता. गोळ्या सतत खाली जात होत्या आणि त्याची खात्री होती की साइट (नेम धरायची खूण) बिघडली आहे. मी त्याला पॉइंट टू-टूवर बसवलं आणि त्याच्या नकळत मॅगझिनमध्ये मधेच एक प्लास्टिकचं डमी काडतूस भरलं. तीन गोळ्या गेल्या. चौथ्यांदा बोल्ट बंद, श्वास रोखला, ट्रिगर दाबला आणि नुसतं ‘टक्’. गोळी सुटलीच नव्हती, तरी नळीचं तोंड चांगलं बोटभर खाली गेलं. धक्का बसणार या धास्तीनं तो आधीच खांदा पुढे ढकलत होता. मोठ्या रायफलीत हा दोष खऱ्या धक्क्यात मिसळून जातो, दिसत नाही. त्या दिवशी त्याला तो स्वतःच्या डोळ्यांनी दिसला. शिवाय रिमफायरची गोळी हळू असल्यामुळे नळीत जास्त वेळ असते. ट्रिगर दाबल्यावर लगेच डोकं उचललं तर त्याची शिक्षा कागदावर लगेच उमटते. सरावासाठी याहून चांगला मास्तर नाही.

आता गोळ्यांचा मुद्दा. मजकुरात सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हेच आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

रिमफायरच्या पुंगळीला वेगळा प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) नसतो. बुडाशी जी कड बाहेर आलेली असते ती आतून पोकळ असते. कारखान्यात ओलं स्फोटक मिश्रण पुंगळीत घालून ती गरगर फिरवतात, म्हणजे ते त्या कडेत सगळीकडे पसरतं. फायरिंग पिन कडेवर आपटते, मिश्रण चिरडलं जातं आणि पेट घेतं. वापरलेली पुंगळी हातात घेऊन पाहा, कडेवर आयताकृती खोल खूण दिसेल. एखाद्या ठिकाणी मिश्रण पोचलंच नसेल आणि पिन नेमकी तिथं पडली, तर गोळी उडत नाही. (अशा वेळी बोल्ट लगेच उघडायचा नाही. नळी टार्गेटकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचं, कारण कधी कधी गोळी उशिरा सुटते.) मिश्रण कुठं कमी, कुठं जास्त असेल तर गोळी उडते, पण दर वेळी सारख्या जोरानं नाही.

यानं काय होतं त्याचा हिशेब सोपा आहे. साध्या वेगाची गोळी सेकंदाला सुमारे 325 मीटरनं निघते. 50 मीटर जायला तिला साधारण 0.16 सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती सुमारे साडेबारा सेंटिमीटर खाली येते. आता त्याच डब्यातली दुसरी गोळी सेकंदाला 15 मीटर हळू निघाली तर कागदावर ती आणखी सेंटिमीटरभर खाली लागते. गोळीच्या भोकाची कड रेषेला नुसती टेकली तरी वरचे गुण मिळतात, त्यामुळे दहा मिळवायला गोळीचा मध्य केंद्रापासून 8 मिमीच्या आत हवा. म्हणजे तुम्ही काहीही चूक केली नाही, नेम अगदी मधोमध होता, तरी त्या गोळीनं तुम्हाला नऊ दिले. आणि तुम्ही घरी जाऊन आपल्या श्वासाला दोष देता.

मोठ्या रायफलीची काडतुसं लोक घरी मोजूनमापून पुन्हा भरतात. रिमफायरची पुंगळी तशी भरून वापरणं व्यवहारात शक्य नाही. कारखान्यानं दिलं ते आपलं. त्यामुळे निवडणं एवढंच आपल्या हातात उरतं, आणि हा मजकूर तेच करू नका म्हणतो.

माझ्याच रायफलीवर मी एका वारा नसलेल्या सकाळी पाच प्रकारच्या गोळ्या, प्रत्येकी दहा, टेकू लावून मारल्या. एका डब्याची दहाही भोकं बाटलीच्या बुचाखाली झाकली गेली. दुसऱ्या डब्याची तळहाताच्या खळग्याएवढी पसरली. रायफल तीच, माणूस तोच. आणि पहिला डबा त्या पाचांत सगळ्यात महाग नव्हता. दर रायफलीच्या नळीला कुठलं काडतूस मानवेल हे आधी सांगता येत नाही, मारूनच बघावं लागतं. गोळ्या बदलल्या की पहिल्या काही गोळ्या मोजायच्या नाहीत, कारण नळीत आधीच्या गोळीच्या मेणाचा आणि शिशाचा थर असतो.

‘वेगवान गोळी सरळ जाते’ हे ऐकायला पटतं, म्हणूनच जास्त पसरतं. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर. हाय व्हेलॉसिटी गोळी 370-390 च्या आसपास निघते, म्हणजे ध्वनीच्या पुढे, आणि हवेचा अडथळा सोसत लवकरच त्याच्या खाली येते. ध्वनीच्या वेगाच्या आसपास हवेचा अडथळा एकदम वाढलेला असतो. गोळी तिथं जोरानं मंदावते, आणि वाऱ्यानं ती किती वाहून जाईल हे नेमकं त्या मंदावण्यावर ठरतं. म्हणून 100 मीटरवर आडव्या वाऱ्यात वेगवान पॉइंट टू-टू साध्या वेगाच्या गोळीपेक्षा जास्त सरकते. तोल ढळून ग्रुप उघडतो तो वेगळाच. स्पर्धेच्या गोळ्या ध्वनीच्या वेगाखाली ठेवतात ते याचसाठी. वेगाचा फायदा एकच, गोळी थोडी कमी खाली येते. साध्या वेगाची गोळी 50 मीटरला झीरो केली, म्हणजे साइट त्या अंतराला जुळवली, तर 100 मीटरवर ती 20 सेंटिमीटरहून जास्त खाली लागते. पण ती दर वेळी तेवढीच खाली लागते, आणि साइटचे क्लिक त्यासाठीच असतात.

सेमी-ऑटोमॅटिकबद्दल माझ्या मनात आकस नाही. रुगर 10/22 ही रायफल 1964 पासून बनते आहे आणि तिच्यावर लाखो लोक शिकले. लोखंडी पाट्या भराभर पाडण्याचा खेळ खेळायचा असेल तर तीच जात घ्यावी. कागदावर नेमकं मारायला शिकायचं असेल तर मात्र मी बोल्ट ॲक्शनच सांगतो, म्हणजे दर गोळीला हातानं बोल्ट ओढायची रायफल. या सेमी-ऑटो रायफलींचा बोल्ट घट्ट अडकलेला नसतो, गोळी सुटल्याच्या जोरानंच तो मागे जातो. त्याला पुरेसा जोर लागतो, म्हणून साध्या वेगाच्या चांगल्या गोळ्यांवर काही रायफली अडखळतात. पुढचं काडतूस आपोआप शिरावं म्हणून चेंबरही (काडतूस बसायची जागा) बहुधा जरा सैल असतो. बोल्ट ॲक्शनला या दोन्ही अडचणी नाहीत, कुठलीही गोळी घालून पाहता येते.

आणि ‘तासाला जास्त गोळ्या’ हा फायदा कसा? पन्नासचा डबा सेमी-ऑटोवर पाच मिनिटांत संपतो आणि शेवटी कागदावर फक्त एक मोठं फाटकं भोक उरतं. बोल्टवर प्रत्येक गोळीनंतर हात काढावा लागतो, पुन्हा बसावं लागतं. मी मुलांना सांगतो, ट्रिगर सुटला त्या क्षणी माशी (पुढची साइट) कुठं होती ते, टार्गेट बघायच्या वेगळ्या दुर्बिणीत डोकावायच्या आधी बोला. ‘आठ, डावीकडे.’ मग बघा. बोललेलं आणि लागलेलं जुळायला लागलं की समजायचं शिक्षण सुरू झालं. अशा चाळीस गोळ्यांत दुपार जाते. स्वस्त सराव मी याला म्हणतो.

लांब नळीचं थोडक्यात सांगतो. पॉइंट टू-टूमध्ये दारू एवढीशी असते की 40 ते 48 सेंटिमीटर नळीत गोळीला मिळायचा तेवढा वेग मिळून जातो. पुढची लांबी उघड्या साइटवर उपयोगी, कारण दोन साइटमधलं अंतर वाढतं. दुर्बीण लावणार असाल तर आखूड, जाड नळी तितकीच अचूक, शिवाय सांभाळायला सोपी.

दुर्बिणीबाबत मात्र सावध राहा. मोठ्या रायफलीच्या बहुतेक साध्या दुर्बिणी 100 यार्ड किंवा त्यापुढच्या अंतरासाठी जुळवलेल्या असतात. 40 मिमी भिंगाची, 100 मीटरला जुळवलेली दुर्बीण 50 मीटरवर वापरली आणि डोळा मधोमध नसला, तर नेम 10 मिमीपर्यंत चुकू शकतो. पुन्हा दहाचे नऊ. रिमफायरसाठी म्हणून बनवलेल्या दुर्बिणी 50 यार्डच्या आसपास जुळवलेल्या असतात, किंवा अंतर जुळवायची चकती असलेली घ्यावी. चोवीस पट मोठं दिसून काय होतं? आपलाच थरकाप मोठा दिसतो, आणि नवीन माणूस काळा गोल मधे आला रे आला की ट्रिगरला हिसका देतो.

ते पैसे अंगाला बसणाऱ्या रायफलीवर घाला. मजकुरात याचा एक शब्दही नाही. आमच्याकडची एक मुलगी दुर्बीण लावलेली रायफल घेऊन आली, दस्ता मोठ्या माणसाच्या मापाचा. दुर्बिणीत बघायचं तर तिचा गाल लाकडापासून सुटून हनुवटी हवेत लोंबकळायची आणि मान आखडायची. आम्ही दस्त्यावर फोमची पट्टी ठेवून चिकटपट्टी गुंडाळली, गालाला आधार आला. बुडाचा जाड रबरी तुकडा काढून पातळ लावला. त्याच दुपारी तिचा ग्रुप निम्म्यावर आला. रायफल बघायला जाल तेव्हा डोळे मिटून ती खांद्याला लावा, गाल टेकवा आणि मग डोळे उघडा. साइट समोर हवी. मान हलवून शोधावी लागली तर ती रायफल तुमची नाही. ट्रिगर गुळगुळीत, एकाच जागी सुटणारा असावा. सीझेड 457, टिक्का टी1एक्स, सॅव्हेज मार्क टू यांच्यासारख्या साध्या बोल्ट रायफलींत ट्रिगर हलका-जड करता येतो, आणि सुरुवातीला एवढं पुष्कळ आहे.

तुमच्या देशाचा परवान्याचा कायदा आधी वाचा, मग रेंजवरच्या लोकांच्या रायफली मारून पाहा. रायफल ठरली की चार-पाच प्रकारच्या साध्या वेगाच्या गोळ्यांचा एकेक डबा घ्या. टेकू लावून 50 मीटरवर प्रत्येकीच्या दहा-दहा गोळ्या मारा. तीन गोळ्यांच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नका, तीन नशिबानंही जुळतात. कागदावर डब्याचं नाव आणि लॉट (कारखान्यातली एका वेळची खेप) नंबर लिहा, हात साबणानं धुवा, कारण शिसं बोटांवर असतं, आणि ज्या कागदावरची भोकं सगळ्यात जवळ आहेत त्या लॉटच्या परवडतील तेवढ्या गोळ्या त्याच दिवशी घेऊन ठेवा. पुढच्या महिन्यात त्याच नावाचा डबा मिळेल, पण लॉट वेगळा असेल.