'शत्रू भ्याडच असतो' म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

परवापासून आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय, की शत्रू भ्याड असतो, लपून लढतो, आणि खोटा प्रचार फक्त तोच करतो, आपण नाही. खाली तीन झेंडे. गप्प बसणार होतो, खरं बसवलं नाही.

लपून लढतो म्हणून भ्याड? मग बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून नंदगडला जाऊन या एकदा. तिथं 1831 साली कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या शिलेदाराला, संगोळ्ळी रायण्णाला, इंग्रजांनी फाशी दिलं. कित्तूर पडल्यावर तो जंगलात राहून कंपनीच्या कचेऱ्या जाळायचा, खजिने लुटायचा. इंग्रजांच्या लेखी बंडखोर, आपल्या लेखी शूर. (रायण्णाचं नाव काढलं की इथं लगेच कन्नड-मराठी वाद सुरू होतोय, ते आज नको.) आपण लपलो की गनिमी कावा आणि त्यांनी लपलं की भ्याडपणा, हे कुठलं माप ओ?

दुसरं, शत्रूकडं शौर्यच नसतं म्हणे. 1999 ला कारगिलच्या लढाईत टायगर हिलवर पाकिस्तानचा कॅप्टन कर्नल शेर खान (कर्नल हे नावच आहे त्याचं, हुद्दा नव्हे) पडला. तिथले आपले ब्रिगेडियर बाजवा यांनी त्याच्या खिशात चिठ्ठी ठेवली, हा फार शौर्यानं लढला, याचा मान याला मिळावा म्हणून. आणि त्याचं सरकार त्यावेळी काय सांगत होतं? वर आमचे सैनिक नाहीतच, मुजाहिदीन आहेत! म्हणजे बघा, त्याचं शौर्य आपल्या माणसानं कागदावर लिहिलं, आणि त्याच्याच देशानं आधी माणूसच नाकारला. नंतर निशान-ए-हैदर, म्हणजे तिथला सगळ्यात मोठा लष्करी मान, दिला ते वेगळं. मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर झालेले आमचे एक सुभेदार मामा आहेत, त्यांना तो मेसेज दाखवला तर म्हणाले, "समोरचे भ्याड होते तर आमी वर चढून काय उंदीर मारलो काय रे?"

राहिला प्रचार. तो फक्त तेच करतात म्हणायला मे 2025 च्या भारत-पाक लढाईतली ती रात्र विसरायला पाहिजे. आपल्या कितीतरी चॅनलवर कराची बंदर उडवल्याची बातमी चालली होती, आमच्या ग्रुपवर तर पेढ्याची ऑर्डर कुणी द्यायची इथपर्यंत गेलं होतं. सकाळी बंदर जागच्या जागी. ते मेसेज अजून ग्रुपवर तसेच आहेत, वर सरकवून बघा, टाकणारे कोण होते ते पण दिसतंय.