कोकणातलं आर्ट्स कॉलेज म्हणजे तीन वर्षं वाया?

बारावीचा निकाल लागला की गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो : 'कोकणातल्या छोट्या आर्ट्स कॉलेजात पोरांना घालू नका. डिग्रीला किंमत नाही, शिकवायला माणसं नाहीत, आसपास बघण्यासारखं काही नाही. सरळ मुंबई गाठा.' अशाच एका कॉलेजात मी बावीस वर्षं इतिहास शिकवतोय, म्हणून गप्प बसवत नाही.

डिग्रीचं लगेच संपतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बहुतेक आर्ट्स कॉलेजं मुंबई विद्यापीठालाच संलग्न आहेत. मुंबईत त्या विद्यापीठाच्या कॉलेजात बीए करा नाहीतर वेंगुर्ल्याला, पदवी तीच.

माणसं नाहीत, हे अर्धं खरं. मंजूर जागा रिकाम्या राहतात, तासिका तत्त्वावरचे सहकारी तुटपुंज्या मानधनावर विभाग ओढतात. जागा भरणं सरकारच्या हातात आहे, आणि हे दुखणं मुंबईतही आहेच. पण जे शिकवतात त्यांचं काय? टीवायला माझ्याकडे चौदा मुलं आहेत. कुणाची शेवटची एसटी कितीची, हे मला पाठ आहे. चतुर्थीची सुट्टी संपूनही कुणी आलं नाही तर घरी फोन जातो. लिहून आणलेलं प्रत्येक पान मी वाचतो, खुणा करून परत देतो, पुन्हा लिहायला लावतो. सव्वाशेच्या वर्गात हे कसं जमावं?

'बघण्यासारखं काही नाही' वाचून मात्र जीव तुटतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जांभ्यात कोरलेला सुमारे १८ मीटरचा हत्ती आहे, त्याच्या आकृतीत आणखी कितीतरी प्राणी. उक्षी, बारसूच्या कातळशिल्पांसोबत तोही २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेला. तिथे आमची मुलं टेप धरतात, वहीत मापं उतरवतात आणि भांडतात. कोकणातल्या कातळशिल्पांत गेंडाही सापडतो. आज इथे नसलेलं जनावर कोरणाऱ्याने पाहिलं कुठे? ही शिल्पं कधी कोरली याबद्दल अभ्यासकांचंही अजून एकमत नाही, त्यामुळे मुलांचा प्रश्न खराच असतो. एकदा एक मुलगी म्हणाली, 'सर, आजी ह्यांना पांडवांची चित्रं म्हणते.' पुढचे दोन तास आम्ही त्या एका वाक्यावर बोललो.

त्या मुलीची आई काजूच्या कारखान्यात जाते. मुंबईत कॉट बेसिसवर जागा घेण्याचे पैसे त्या घरात नव्हते. तिच्यापुढे दोनच वाटा होत्या : आमचं कॉलेज, नाहीतर बारावीनंतर आईसोबत कारखाना. आता ती एमए करते आहे, आणि सुट्टीत आजीकडून सड्यावरच्या गोष्टी लिहून घेते.