पोरानं काहीतरी बनवलंय? घाबरू नका!

कुठल्याशा पोरानं भंगारातून यंत्र बनवल्याची बातमी आली की एक पथ्य पाळा: ते यंत्र नेमकं काय करतं, हे चुकूनही विचारू नका. विचारलंत तर उत्तर ऐकून घ्यावं लागेल, आणि तोवर कौतुकाचा मुहूर्त टळलेला असेल. वय तेवढं बघा. पंधराच्या आत असेल तर 'उद्याचा आइन्स्टाइन', वर असेल तर 'दुसरा एडिसन'. आइन्स्टाइनचं नाव यंत्रं जुळवण्यासाठी झालेलं नाही, असल्या बारकाव्यांत शिरायचं नाही.

पोरगं म्हणालं की मोटर जनरेटर फिरवते, जनरेटर मोटरला वीज देतो आणि वर एक बल्बही पेटतो, तर विशेष जोरात टाळ्या वाजवा. टेबलाखाली वायर गेलीय का, हे वाकून बघणं असभ्यपणाचं. कुणी मल्टिमीटर काढून 'आत किती वॉट जातात आणि बाहेर किती येतात ते मोजू या' म्हणालाच, तर तो तेल कंपन्यांचा माणूस आहे हे ओळखून घ्या. घर्षणात आणि तारा तापण्यात ऊर्जा जाते, ती फुकट परत येत नाही, हे पोराला कुणी शेजारी बसून समजावलं तर पुढच्या खेपेला ते खरंच चालणारं काहीतरी बनवेल. मग 'मोठ्या लोकांनी शोध दाबला' या तुमच्या लाडक्या सिद्धांताचं काय करायचं?

कौतुक पचत नसेल तर तुच्छता आहेच, तीही फुकट. 'यात नवीन काय?' एवढं पुरतं. आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या विल्यम कामक्वाम्बानं 2002 च्या सुमारास पवनचक्की उभारली, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. फी नव्हती म्हणून शाळा सुटलेली. वाचनालयातल्या पुस्तकावरून त्यानं ट्रॅक्टरचा पंखा, सायकलचा सांगाडा आणि डायनॅमो जमवला, पीव्हीसी पाइप तापवून सपाट केले आणि त्यांची पाती केली. लोकांनी रीतीप्रमाणे त्याला वेड्यात काढलं. मग दिवा लागला आणि लोक मोबाइल चार्ज करायला रांगेत उभे राहिले. पवनचक्कीचा शोध काही त्यानं लावलेला नव्हता, तेव्हा तुमचा आक्षेप बिनतोड आहे. फक्त वाचनालयाचा विषय काढू नका. न जाणो, कुणी वर्गणी मागायचं.

काही लोक मात्र सगळी शिस्त बिघडवतात. अमेरिकेत आयडाहोतल्या रिग्बी गावी 1922 मध्ये फिलो फार्न्सवर्थ नावाच्या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यानं इलेक्ट्रॉनिक दूरचित्रवाणीची कल्पना आपल्या रसायनशास्त्राच्या मास्तरांना, जस्टिन टोलमन यांना, आकृती काढून समजावली. मास्तरांनी 'शाब्बास, जगाला हादरवशील!' म्हणून मोकळं व्हायचं, तर ते ऐकत बसले. वर तो कागदही जपून ठेवला! पुढे आरसीए या बलाढ्य कंपनीशी पेटंटचा वाद झाला, त्यात मास्तरांची साक्ष आणि ती आकृती पोराच्या कामी आली. 1934 मध्ये निकाल त्याच्या बाजूनं लागला. एका मास्तराच्या फाजील लक्षामुळे एका पोरावर अन्याय होता होता राहिला, आणि आपली हळहळायची संधी हुकली ती हुकलीच.

कौतुकाआधी वाट बघण्याचं तंत्र शिकायचं तर पॅरिसच्या अंधशाळेकडून शिका. लुई ब्रेलनं पंधराव्या वर्षी, 1824 मध्ये, ठिपक्यांची लिपी तयार केली. त्याच्याच शाळेनं ती अधिकृतपणे स्वीकारली 1854 मध्ये. तो 1852 मध्येच वारला होता, त्यामुळे श्रेय कसं वाटायचं यावरून त्याच्याशी वाद व्हायचा प्रश्नच उरला नाही.

आता शेवटची अडचण. एखादं पोरगं आगाऊ निघतं. टाळ्या थांबायची वाट बघतं आणि थेट तुम्हालाच विचारतं, "काका, बेअरिंग दहा मिनिटांत तापतं, काय करू?" गोंधळू नका. पाठीवर थाप मारा, "तू पुढे जा, आम्ही सगळे पाठीशी आहोत," म्हणा आणि फोटोत मधोमध उभे राहा.