काकू, ती पावडर नको

सकाळी सात वाजता सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ. ‘ऑटिझम मेंदूत नाही, पोटात असतो! आईने तीन पदार्थ बंद केले आणि मूल बोलू लागलं!’ खाली प्रोबायोटिक, म्हणजे ‘चांगल्या’ जिवाणूंच्या, पावडरीचा डबा, महिन्याचे साडेचार हजार. आणि त्याखाली आमच्या मजल्यावरच्या काकूंनी मला टॅग केलेलं, सोबत जोडलेले हात. काकू मनाने चांगल्या आहेत हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी चिडणार आहे.

‘आईने बंद केले.’ बाबा कुठे होता? तो काय नुसता व्हिडिओ काढत होता?

आम्ही केलंय हे सगळं. मुलगा तेव्हा चार वर्षांचा. तो खायचाच मुळी तीन गोष्टी: दूधभात, तूप लावलेली पोळी आणि निळ्या पाकिटातली बिस्किटं. गहू बंद, दूध बंद म्हणजे तिन्ही गेल्या. आठ आठवडे. पाचव्या आठवड्यात एका दुपारी स्वयंपाकघरात आले तर हा स्टुलावर उभा. चहाच्या दुधाची रिकामी पिशवी धुऊन मी ओट्यामागच्या टाइलवर चिकटवून ठेवते, भंगारवाल्यासाठी. ती त्याने सोलून काढली होती आणि तिचा कापलेला कोपरा चोखत होता. आवाज न करता. मला बघितल्यावर त्याने ती परत टाइलवर लावली, तळव्याने नीट दाबून.

बोलू लागला का? नाही. दोन किलो उतरला मात्र.

‘अगं पण संशोधन आहे’ म्हणणारे येतीलच कमेंटमध्ये. आहे की. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात 18 मुलांना निरोगी माणसांच्या विष्ठेतले जिवाणू दिले, 2017 मध्ये निष्कर्ष छापून आले. पोटाचे त्रास कमी झाले, वागण्यातही फरक दिसला, दोन वर्षांनीही टिकला. बरं. पण मुलं 18, आणि आपल्या मुलाला खरं औषध मिळतंय हे प्रत्येक घराला ठाऊक. मीसुद्धा पाचव्या आठवड्यात फोनवर सगळ्यांना सांगत होते, ‘आता डोळ्यात बघतो!’ बघायचा. दूध मागायला.

2021 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी 247 मुलं तपासली, त्यातली 99 ऑटिझमची. जिवाणूंचा ऑटिझमशी थेट संबंध जेमतेमच सापडला. सापडलं ते उलटंच: ही मुलं ठरावीकच खातात, म्हणून त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंचे प्रकारही कमी. तीन पदार्थांवर जगणाऱ्याच्या पोटात आणखी काय जत्रा भरणार? आणि आम्ही ते तीनही काढून घेतले.

आतड्यांची ही गोष्ट जुनी आहे हो. 1998 मध्ये वेकफिल्ड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने 12 मुलांची आतडी पुढे करून गोवराच्या लशीने ऑटिझम होतो असा संशय घेतला. तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने लेख मागे घेतला 2010 मध्ये. बारा वर्षं! आमच्या नात्यात अजून एक पोर त्यापायी लशीविना फिरतंय.

पोट दुखतं, हे मात्र खरं. या मुलांना बद्धकोष्ठता फार. आमचा डोकं आपटायचा आणि आम्ही वर्षभर त्याला ‘हट्ट’ म्हणत राहिलो. शेवटी डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, साधं औषध दिलं, आठवड्याभरात आपटणं कमी झालं. पोट साफ झालं, ऑटिझम आहे तिथे आहे. एवढा फरक कळू नये?

त्या आठ आठवड्यांत सासूबाई एकदाच म्हणाल्या, “अगं, भुकेला आहे तो.” मी केवढ्यांदा ओरडले त्यांच्यावर. तेव्हा मीही ग्रुपवर असलेच व्हिडिओ टाकत होते, हे आत्ता टाइप करताना आठवतंय. कुणाकुणाच्या घरचं दूध बंद केलं असेल मी, देव जाणे.

आता नऊ वर्षांचा आहे. दूधभात चालू आहे. गेल्या महिन्यात डाळिंबाचे चार दाणे खाल्ले. थेरपीच्या ताईंनी त्याआधी दोन महिने ते नुसते ताटात ठेवायला लावले होते. दुधाची पिशवी टाइलवर चिकटवायचं काम त्याचंच, दुसऱ्याने लावलेली चालत नाही.

काकू, राग मानू नका, संध्याकाळी चहाला या. पावडर नको. आणि मंडळी, त्या बिस्किटांच्या पाकिटाचा रंग बदललाय, नव्या पाकिटाला हा हात लावत नाही. कुणाच्या दुकानात जुना माल शिल्लक असेल तर इनबॉक्स करा, कितीही असू दे.