अग्निशामक आहे हो, पण किल्ली कुठाय?

दर जूनला तेच. शाळा उघडली, पहिलीच्या पोरांचं गुलाबाची फुलं देऊन स्वागत झालं, फोटो ग्रुपवर पडले. आणि तो आग विझवायचा लाल सिलिंडर? ऑफिसात कपाटामागे, कुलपात. चोरीला जाईल म्हणे!

अहो, पोषण आहाराची खिचडी शिजते मागच्या शेडमध्ये. २००४ साली तमिळनाडूत कुंभकोणमला शाळेच्या स्वयंपाकघरातूनच आग गवती छपराला लागली आणि ९४ लेकरं गेली. तरी आपलं यंत्र कुलपात.

बरं, काढलं तरी चालेल का? दाब दाखवणारा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, पिनेचं सील शाबूत आहे ना, नळीच्या तोंडात कुंभारमाशीनं घर केलं नाही ना, एवढं बघायला महिन्याला दोन मिनिटं पुरतात. तपासणीचं कार्ड मात्र कोरं. वर्षानुवर्षं एका जागी उभं राहून आतली पावडर दबून बसते, मग ऐन वेळी नुसतं फुस्स.

चार-सहा किलोचं यंत्र जेमतेम दहा-पंधरा सेकंद मारा करतं. पिन ओढा, नोझल ज्वाळेच्या बुडाशी धरा, खटका दाबून डावी-उजवीकडे फिरवा. हे खिचडी शिजवणाऱ्या मावशींना कुणी करून दाखवलंय? प्रशिक्षण सरांचं, तेही सहीपुरतं.

शेडच्या दाराशी, हात पोचेल अशा उंचीवर एक भक्कम हूक ठोका नि टांगा एकदाचं. शेगडीच्या डोक्यावर नको हं, आगीतून हात घालून कोण काढणार?